लक्ष्मी ढवळू नये

“पाच पॉइंट एक!”

हिंदुरावानं मशीनवरचा आकडा असा खणखणीत वाचला, की ओट्याखाली उभ्या शेवटच्या बाईलाही ऐकू जावा. मग माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसला. “शेवंता, म्हैस पाळलीयास का पाण्याची टाकी?”

ओट्यावर टेकलेले दोघं-तिघं गडी फिदीफिदी हसले. मी पदर खोचला.

“परत लावा मशीन.”

“परत कशाला? मशीन काय माझं सोयरं हाय, माझ्या बाजूनं बोलायला?”

“मागल्या आठवड्यात तुमच्याच दुकानातनं फॅट वाढायच्या पावडरीचा डबा नेला. पेंड दीडपट केली. आणि फॅट वर चढायचं सोडून खाली आलं?”

“अगं बये, डिग्री बघ की. डिग्री झकास हाय. म्हंजे तू पाणी घातलं न्हाईस, हे मी चारचौघांत सांगतोय. तू इमानदार हायेस. पर म्हशीतच दम न्हाई, त्याला मी काय करू?” त्यानं माझी किटली मोठ्या कॅनमध्ये उपडी केली. “इकून टाक. शनिवारी बाजाराला माझा मेव्हणा येतोय. त्याला सांगितलंय, बघून घे म्हणून. आन् जाताना पावडरीचा दुसरा डबा ने. तवर तरी खाऊ घाल बिचारीला.”

आणि मी मुकाट तो डबा घेतला. आज तीस वर्षं झाली, तरी डबा काखेत मारून खाली मान घालून चाललेली मी आठवली, की माझी मलाच चीड येते.

आमचं कुरणवाडी म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी अंगाचं सत्तर उंबऱ्यांचं गाव. ज्वारी पिकली तर पिकली, नाहीतर राम राम. घर चालायचं ते दुधावर. आणि दुधाची डेअरी एकच, हिंदुरावाची. त्याच्या बापानं काढलेली. दूध त्याच्याकडं घालायचं, पेंड त्याच्याच दुकानातनं आणायची. म्हैस आजारी पडली तर डॉक्टरही तोच बोलवायचा आणि डॉक्टरच्या फटफटीच्या पेट्रोलसकट सगळं आमच्या बिलातनं कापायचा. दुधाचा दर ठरायचा फॅटवर. फॅट म्हणजे दुधात लोणी किती, ते मशीन सांगायचं. आणि मशीनला हात लावायचा फक्त हिंदुराव.

डेअरीची एक रीत होती. सकाळी सहाला बायकांनी किटल्या घेऊन यायचं. ओट्यावर लक्ष्मीची मोठी तसबीर, तिच्यापुढं किटल्या झाकणं काढून ओळीनं मांडायच्या आणि बाजूला उभं राहायचं. मग हिंदुराव सोवळं नेसून यायचा. उदबत्ती लावायचा, काहीबाही पुटपुटायचा, प्रत्येक किटलीच्या गळ्याला हळदकुंकू लावायचा, पुन्हा आत जाऊन चहा पिऊन यायचा. या सगळ्याला आठ वाजायचे. तोवर किटलीला कुणी हात लावायचा नाही. आणि एकदा विकायचं दूध किटलीत भरलं की त्यात पळी म्हणून घालायची नाही. लक्ष्मी ढवळू नये, ढवळली की ती घरातनं निघून जाते. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, या बाबतीत इतक्या कडक, की वारा सुटला तर किटली हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वीट लावायच्या. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी किटलीत पडलेला काडीचा तुकडा पळीनं काढायला गेले, तर माझ्या हातावर त्यांची चापट बसली होती.

पूजा झाली की हिंदुराव लांब दांड्याचं मापटं किटलीच्या तळापर्यंत अलगद सोडायचा, नमुना काढायचा आणि आकडा वाचायचा.

त्या गुरुवारी खाली उतरताना मला हौसाक्का भेटली. डोक्यावर शेणाची पाटी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तीसुद्धा आमच्या रांगेत उभी असायची. नवरा नाही, पोटाला कुणी नाही, एक म्हैस होती, बिजली तिचं नाव. पण तिचंही फॅट पडलं. पाच, मग पावणेपाच, मग साडेचार. शेवटी हिंदुरावाच्या मेव्हण्यानंच ती म्हैस मातीमोल भावात नेली. नेली म्हणजे कुठं, तर हिंदुरावाच्याच गोठ्यात बांधली. आणि हौसाक्का त्याच गोठ्यात शेणकाढीला लागली. स्वतःच्या म्हशीचं शेण दुसऱ्याच्या दारात काढत होती ती.

“तुझंबी पडलं व्हय गं?” तिनं विचारलं.

“पाच पॉइंट एक.”

“माझंबी असंच झालं बघ. आपल्या हातालाच गुण न्हाई.” आणि ती निघून गेली.

घरी आले तर आमचे मालक दारात विडी ओढत बसलेले. माझ्या काखेतला डबा बघून त्यांनी मान फिरवली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“काय केलंत?”

“विसार घेतलाय. हिंदुरावाच्या मेव्हण्याकडनं. शनिवारी टेम्पो येतोय.”

“माझ्या म्हशीचा विसार? मला न विचारता?”

“मग काय करू? दुधापेक्षा पेंडीचं बिल मोठं यायला लागलं! म्हशीनं आपल्याला पोसायचं का आपण म्हशीला? तूच सांग.”

हिशेबानं त्यांचं खरं होतं. पण चंद्री माझ्या बापानं लग्नात दिलेली पारडी. कपाळावर पांढरा टिळा. मी तिला बोटांनी दूध चाटवून वाढवलेली. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. ती दावणीला हंबरली की मला माहेरचं कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. मी गोठ्यात गेले, तिच्या मानेवर डोकं ठेवलं आणि आधी पोटभर रडले, मग हिंदुरावाला पोटभर शिव्या दिल्या.

संध्याकाळी चुलीवरचं दूध उतरवलं. घरच्यासाठी ठेवलेलं तांब्याभर, चंद्रीचंच. गार झालं तशी त्यावर साय धरली, चांगली भाकरीएवढी जाड. मी ती बोटानं उचलली तर तुटेना.

“आत्याबाई, ही साय बघा. आणि हिंदुराव म्हणतो फॅट पाच.”

“मशीनला कळतंय का तुला?” आत्याबाई माळ ओढता ओढता म्हणाल्या. “साय आपल्या डोळ्याला दिसती. फॅट आत असतंय.”

“साय म्हणजेच फॅट की हो!”

“सातवी शिकली म्हणून लई बोलू नगंस.”

मी दूध झाकून ठेवलं. पण रात्री ठरवून टाकलं. पिंपळदरीला, सहा किलोमीटरवर, माझी माहेरची मैत्रीण कमल दिलेली होती. तिथल्या बायकांनी सहकारी दूध सोसायटी काढली होती आणि कमल तिथं सेक्रेटरी होती. आमच्याकडं हिंदुरावानं उठवून दिलेलं, की सोसायटी म्हणजे चार बायकांची भिशी, सहा महिन्यांत बुडते बघा.

शुक्रवारी पहाटे धार काढली, किटली डोक्यावर घेतली.

“डेअरीत न्हाई चाललीस?” आत्याबाईंनी विचारलं.

“कमलकडं कार्य आहे. खिरीला दूध मागितलंय.”

सासूशी मी खोटं बोलले ते एवढं एकदाच. म्हणजे मोठं खोटं.

पिंपळदरीत पोचले तेव्हा सोसायटीसमोर बायकांची रांग होती, पण रांग सरकत होती. एक किटली आली की लगेच नमुना, लगेच माप, चिठ्ठी हातात, बाई घरी. तसबीर इथंही होती, पण बायका सकाळीच हार घालून मोकळ्या झालेल्या.

“कमल, एवढं बघून दे,” मी म्हटलं. “किती फॅट आहे ते खरं सांग. म्हशीच्या जिवाचा प्रश्न आहे.”

कमलनं भिंतीवरचा एक दांडा काढला. खाली भोकाभोकांची चकती. तो तिनं सरळ माझ्या किटलीत घातला.

“थांब!” मी तिचं मनगट धरलं. “लक्ष्मी ढवळतेस?”

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. कमल हसली. “अगं येडे, ढवळल्याबिगर नमुना घेतात व्हय? लोणी वर तरंगतं, खाली राहतं ते पाणचट. वरनं घेतलं तर लोणीच लोणी, तळातनं घेतलं तर ताकच की. रोज साय काढतीस ना घरी?”

तिनं दांडा खालवर पाच-सहा वेळा हलवला. कुठं वीज पडते का काय म्हणून मी छपराकडं पाहिलं, खोटं नाही सांगत.

“सात पॉइंट दोन,” कमल म्हणाली.

“परत लाव.”

तिनं परत लावलं. सात पॉइंट दोन.

मी खाली बसले. मग तिला सगळं सांगितलं. पूजा, हळदकुंकू, तळातलं मापटं. कमलचं हसू मावळत गेलं.

“किती वेळ ठेवतात किटल्या?”

“दोन तास.”

“कुणीबी हलवायच्या न्हाईत?”

“हलवायच्या नाहीत.”

तिनं माझं दूध होतं तसं किटलीत कोपऱ्यात ठेवलं आणि दार ओढून घेतलं. “बस दोन तास. चहा पी. मग तुझ्या हिंदुरावाची पूजा आपण इथंच घालू.”

त्या दोन तासांत मी बरंच बघितलं. पेंडीचा ट्रक आला, थेट दूध संघाच्या कारखान्यातनं. एकशेवीस बायकांची पोती एकदम मागवलेली, म्हणून एकेक पोतं आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि वर दुकानदार कुणी नाही. दुधाचा टेम्पो एकच, भाडं सगळ्यांत वाटून, माणशी चहाच्या कपाएवढं. जनावरांचा डॉक्टर दर बुधवारी येतो, एका फेरीत वीस-पंचवीस म्हशी बघतो, पेट्रोलचा भार कुणा एकीवर नाही.

“आणि फॅटची पावडर कोणती घालता?” मी विचारलं.

“कसली पावडर?” कमल म्हणाली.

नऊ वाजून गेले. कमलनं लांब पळी किटलीच्या तळापर्यंत अलगद सोडली, न ढवळता नमुना काढला आणि मशीनला लावला. मग ती बाजूला सरकली. आकडा मी स्वतः वाचला. पाच पॉइंट दोन.

म्हैस तीच. दूध तेच. किटली तीच.

वरचं सगळं लोणी तो मेला फुकट घेत होता! ज्या म्हशीवर डोळा, तिच्या किटलीत मापटं पार बुडाला टेकवत होता! आणि फॅट पडलं म्हणून पेंड खपवत होता, पावडर खपवत होता, आणि पेंड परवडेना म्हणून दारची म्हैस नेत होता! वर आम्हालाच म्हणायचा, तू इमानदार हायेस. सहा किलोमीटर मी कशी चालत आले मला आठवत नाही. वाटेत मोठ्यानं बोलत होते, एवढं आठवतं.

घरी येऊन कमलनं दिलेल्या दोन्ही आकड्यांच्या चिठ्ठ्या मालकांपुढं टाकल्या आणि घडाघडा सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण म्हणाले, “आता शब्द दिलाय. विसार घेतलाय. सोसायटीवाल्यांचं मशीन कशावरनं खरं?”

“एकाच मशीननं दोन्ही आकडे दिलेत की हो!”

आत्याबाईंचं वेगळंच चाललं होतं. “ढवळलंस? इकायचं दूध ढवळू दिलंस? बाई बाई बाई! म्हणूनच म्हैस चालली घरातनं!”

एरवी मी ऐकून घेतलं असतं. त्या दिवशी नाही घेतलं.

“आत्याबाई, म्हैस ढवळायच्या आधीच विकलीय तुमच्या लेकानं. मला एक सांगा, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली?”

“कुणी म्हंजे? रीत हाय. पहिल्यापास्नं.”

“तुमच्या सासूनं शिकवली?”

“माझ्या सासूच्या येळंला दूध इकतंय कोण? घरात खायाचं, उरलं तर इरजण लावायचं. रोज पहाटं मी अन् ती रवीनं घुसळून लोणी...”

त्या बोलता बोलता थांबल्या. हातातली माळ तशीच राहिली.

“घुसळायचात ना?” मी म्हटलं. “मग तेव्हा लक्ष्मी ढवळली जात नव्हती?”

आत्याबाईंनी दाराबाहेर बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, “तात्यानं सांगितलं.”

“कोण तात्या?”

“हिंदुरावाचा बाप. डेअरीचा नारळ फोडला त्या दिशी. समद्या बायकास्नी खण दिला, पेढा दिला. आन् म्हणाला, बायांनो, आजपास्नं दूध म्हंजे लक्ष्मी. ती ढवळायची न्हाई. शांत बसवायची, पुजा करायची, मंग देयाची.” त्यांनी माळ मुठीत आवळली. “मी त्याच्या पाया पडले व्हते गं. एवढा देवमाणूस म्हणून पाया पडले व्हते. आन् तीस वर्सं पोरीबाळींच्या हातावर चापटा मारल्या.”

आत्याबाई उठल्या, माळ खुंटीला लावली आणि माळ्यावर हात घालून काहीतरी शोधायला लागल्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी डेअरीवर गेलो. मी सून होऊन आल्यापासून आत्याबाई तिथं चार-पाच वेळा आल्या असतील, त्यामुळं बायका बघतच राहिल्या. मी माझी किटली ओळीत मांडली. हिंदुरावाचा मेव्हणा खुर्चीत पाय पसरून बसलेला. ओट्यापुढं टेम्पो उभा होता. इलाहीचा, तालुक्याच्या गावचा, चंद्रीला बाजारात न्यायला आणलेला. आमचे मालक खाली एका बाजूला उभे होते, हात खिशात घालून.

सोवळं नेसून हिंदुराव आला. उदबत्ती पेटवली. पूजा संपायला आली तशा आत्याबाई पायरी चढून वर गेल्या. पदराखालनं त्यांनी रवी काढली. तीच, माळ्यावरची, लाकूड काळं पडलेली. आणि कुणाला काही कळायच्या आत ती माझ्या किटलीत घातली आणि दोन्ही तळहातांत धरून गरागरा फिरवायला लागल्या.

“अगं बाई!” बायकांत एकच कल्ला झाला. कुणी तोंडावर हात घेतला, कुणी तसबिरीला हात जोडले.

“काकी! काय करताय हे?” हिंदुराव धावला.

“लक्ष्मीला जागं करतीय,” आत्याबाई म्हणाल्या. रवी थांबली नव्हती. “तुझ्या बापानं निजवून ठेवलीया तीस वर्सं. घाल आता मापटं. समद्यांच्या देखत घाल आन् सांग किती फॅट हाय.”

“ढवळलेलं दूध मी घेत नसतो. फेस येतो. मशीन बिघडतं.”

“पिंपळदरीचं नाही बिघडत ते!” मी दोन्ही चिठ्ठ्या उंच धरल्या. “ढवळून सात पॉइंट दोन! तुमच्यासारखं दोन तास निजवून, तळातनं काढलं तर पाच पॉइंट दोन! म्हैस माझीच, दूध एकच! बायांनो, घरी साय बघा आणि इथला आकडा आठवा!”

मग मागनं एकीचा आवाज आला, “काकी, माझीबी ढवळा.” दुसरी म्हणाली, “माझी आधी.” तिसरी तर ओट्यावर चढलीच.

हिंदुरावानं खाडकन मशीनचं बटण बंद केलं. तोंड लालबुंद. “कुणाचंबी दूध घेणार न्हाई! एकीचंबी! जावा, ओता उकिरड्यावर! बघतो कोण घेतंय तुमचं दूध!”

ही धमकी त्याच्याकडं नेहमीची होती आणि ती नेहमी लागू पडायची. दूध काय घरात ठेवायची वस्तू आहे? ऊन चढलं की नासणार. चाळीस-एक किटल्या, आणि घेणारा एकच. बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. एक हळूच आपल्या किटलीवर झाकण ठेवून मागं सरकली. आता सगळ्या मलाच शिव्या देणार, आणि चंद्री तर जाणारच.

तेवढ्यात आमचे मालक पुढं आले. सरळ मेव्हण्यापाशी गेले, खिशातनं विसार काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. “म्हैस द्यायची न्हाई.” मग टेम्पोकडं वळले. “इलाहीभाई, पिंपळदरीला चलणार?”

“मला काय?” इलाही म्हणाला. “म्हैस भरा न्हाईतर दूध भरा. भाडं मिळाल्याशी मतलब.”

“किती?”

त्यानं आकडा सांगितला. मी बायकांकडं बघितलं. “चाळीस जणींत वाटलं तर किती येतं, करा हिशेब!”

हिशेब करायला कुणी थांबलंच नाही. ज्या टेम्पोत माझी चंद्री जायची होती त्यात आम्ही किटल्या चढवायला लागलो. हिंदुराव ओट्यावरनं ओरडत होता, परत पाय ठेवलात तर बघा, पेंड कुठनं आणता बघतो. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड होती!

आरडाओरडा ऐकून हौसाक्का गोठ्यातनं बाहेर आली होती. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. कुणीतरी तिला काय झालं ते सांगितलं. ती गर्दीतनं वाट काढत माझ्यापर्यंत आली.

“शेवंता, म्हंजे... माझ्या बिजलीत काय खोट नव्हती?”

मी हातातली किटली खाली ठेवली. आत्याबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

“नव्हती, आक्का,” मी म्हटलं. “काहीच खोट नव्हती.”

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. गोठ्याकडं वळून एकदा बघितलं, गुरांच्या हौदावर गेली, हात स्वच्छ धुतले आणि टेम्पोत चढून किटल्या धरून बसली.

दीड महिन्यात कुरणवाडीची स्वतःची सोसायटी झाली. मशीन चालवायला मी कमलकडनं शिकले. पेंड पिंपळदरीच्याच ट्रकमधनं यायला लागली, डॉक्टर त्याच बुधवारी आमच्याकडं वळायला लागला. चंद्रीचं खाणं आम्ही मूठभरही कमी केलं नाही, तरी खर्च निम्म्यावर आला. कमी झालं ते हिंदुरावाच्या पोटात जाणारं. आणि किटल्या ढवळायचं काम आम्ही हौसाक्काला दिलं, पगारावर. स्टीलचा दांडा आणला होता, पण तिनं आत्याबाईंकडनं ती काळी रवी मागून घेतली होती, पहिली किटली ती रवीनंच ढवळायची. कुणी घाईत असलं तरी सोडायची नाही. सरपंचाची किटली असो नाहीतर कुणा गरिबाची, तळापासून वरपर्यंत सात वेळा.

हिंदुरावाची डेअरी दीड वर्षात बंद पडली. दूधच येईना, तर पूजा कुणाची करणार? त्याच्या गोठ्यात तीन-चार म्हशी उरल्या, त्यातली दुभती एकच. आणि एका सकाळी त्याचा गडी किटली घेऊन आमच्या रांगेत येऊन उभा राहिला.

कुणीतरी कुजबुजलं, “तळातनंच काढ गं मापटं. कळू दे त्याला.” खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं.

हौसाक्कानं झाकण काढलं. खाली वाकून वास घेतला. थोडा वेळ तशीच वाकून राहिली.

“हे बिजलीचं हाय,” ती म्हणाली.

मग तिनं दांडा बाजूला ठेवला, रवी घेतली आणि ढवळलं. तळापासून वरपर्यंत, सात वेळा मोजून, एकही कमी नाही. नमुना काढून माझ्यापुढं ठेवला. मी मशीनला लावला. आमच्या सोसायटीत तेवढा आकडा तोवर कुणाचाच आला नव्हता. मी तो चिठ्ठीवर लिहायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

“लिहू मग. आधी वाच. मोठ्यानं वाच.”

मी उभी राहिले, आणि शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं वाचलं.

“सात पॉइंट नऊ!”